‘हो सर’ला बंदी असलेली खोली

मॅडमच्या खोलीत ‘हो सर’ म्हणायला बंदी होती. कुणी चुकून म्हणालंच, तर काचेमागून माइकवर आवाज यायचा, “कोण बोललं ते? बाहेर!” आणि बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्रीला लागून एक पॅसेज होता, तिथे पाच मिनिटं उभं राहायचं. नवा एमबीबीएस डॉक्टर असो नाहीतर माझ्यासारखी नुकती पास होऊन आलेली नर्स, शिक्षा सारखीच. पहिल्या आठवड्यात मी त्या पॅसेजमध्ये इतक्या वेळा उभी राहिले की लाँड्रीतल्या बायका मला चहा विचारायला लागल्या.

हॉस्पिटल अंधेरी पूर्वेचं, एका ट्रस्टचं. मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत वाढलेली. आमच्या गल्लीत माझी ख्याती भांडखोर म्हणून. नळावर माझा नंबर कुणी मारून तर दाखवावा! पण पांढरा एप्रन घातलेला माणूस समोर येऊन काही बोलला, की माझ्या तोंडून दोनच शब्द निघायचे. नर्सिंगच्या कॉलेजात आम्हाला तेच तर शिकवलं होतं. डॉक्टर आले की खुर्चीवरून उठायचं, फाइल पुढे करायची आणि हो सर म्हणायचं. मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मॅडमना मात्र त्यातच सगळं चुकीचं दिसायचं.

“हो सर म्हणजे काय गो?” त्या विचारायच्या. “ऐकलं असं, की समजलं असं, की करते असं, की तुझं तू बघ असं? मला उत्तर नको. काय करतेस ते सांग. कुठलं औषध, किती, कुठून. आणि पटत नसेल तर थांबा म्हण. मोठ्याने.”

हा मॅडमचा मंत्र. ‘थांबा.’ डॉक्टर असो, सर्जन असो, ट्रस्टी असो, औषध चुकीचं वाटलं की थांबा. आधी हात थांबवायचा, चर्चा मग.

मॅडम गोराईच्या. तिथल्या जुन्या ख्रिश्चन वस्तीतल्या, बोटीने खाडी ओलांडून यायच्या. साठी उलटलेली, उंची बेताची, चाल अशी की आम्हा पोरींना मागे पळावं लागायचं. आयुष्यभर कॅज्युअल्टीत सिस्टर होत्या. रिटायर झाल्यावर हॉस्पिटलने वर्षावर्षाच्या कराराने त्यांना ही खोली दिली. खोलीत एक पलंग, पलंगावर श्वास घेणारा, नाडी लागणारा, घाम तेवढा न येणारा रबरी माणूस, शेजारी मॉनिटर आणि समोर काच. नवे डॉक्टर आणि नव्या नर्सेस यांनी एकत्र इथे इमर्जन्सीचा सराव करायचा. चुका करायच्या त्या इथे, वरच्या मजल्यावर नाही.

मॅडमकडे दोन घड्याळं असायची. एक मनगटावर, एक छातीवर उलटं टाचलेलं. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, “हे माझं, बोटीच्या वेळेचं. ते पेशंटचं.” चष्मा दोरीने गळ्यात. डब्यात सुकट किंवा बोंबील. डबा उघडला की शाकाहारी डॉक्टर मंडळी नाकाला रुमाल लावायची आणि मॅडम शांतपणे म्हणायच्या, “पेशंटला उलटी झाल्यावर पण रुमाल लावणार काय रे? सवय कर.”

रबरी माणसाला ‘डमी’ म्हटलेलंही त्यांना खपायचं नाही. तो पेशंट. दर खेपेला त्याला नवी माहिती असायची आणि ती मॅडम इतक्या गंभीरपणे सांगायच्या की हसायची हिंमत व्हायची नाही. “हे मरोळच्या इस्टेटीत प्रेस मशिनवर काम करतात. दोन मुली आहेत. धाकटी दहावीला. सकाळपासून छातीत धडधडतंय, पण शिफ्ट संपवूनच आलेत.” पहिल्याच दिवशी कुणाल नावाच्या नव्या डॉक्टरने बोलता बोलता आपला स्टेथोस्कोप त्या रबरी पोटावर टाकला. लगेच माइकवरून कण्हणारा आवाज आला, “डॉक्टर, तुमचं ते गळ्यातलं मला टोचतंय हो.” कुणालने असा हात मागे घेतला की आम्ही सगळ्या फुटलो. तो आवाज मॅडमचा, हे कळायला त्याला जरा वेळच लागला.

हसण्याचे दिवस तेवढेच. सहा आठवडे संपले की प्रत्येकीची परीक्षा असायची, संधी तीन. तिन्हीत नापास झालं की कॅज्युअल्टीतून नाव कट आणि प्रोबेशन संपताना ‘आभारी आहोत’चं पत्र. मला कॅज्युअल्टी सोडून दुसरं काही नकोच होतं. त्यासाठीच तर मी नर्स झाले होते.

माझी पहिली परीक्षा आजही आठवली की कसंतरी होतं. पेशंट अशक्त, रक्तात पोटॅशियम कमी. डॉक्टर कुणाल. मॅडमनी त्याच्या हातात आधीच चुकीच्या ऑर्डरची एक चिठ्ठी दिलेली, हे मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “सिस्टर, पोटॅशियम एक ॲम्प्यूल, सरळ शिरेतून द्या. पटकन.”

पोटॅशियम सरळ देत नाहीत. सलाईनच्या मोठ्या बाटलीत मिसळून हळूहळू सोडतात. सरळ दिलं तर हृदय जागच्या जागी थांबतं. दुसऱ्या वर्षाच्या पोरीलाही हे येतं. मलाही येत होतं, त्या क्षणीही येत होतं. मी ॲम्प्यूल फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि दिली. मॉनिटरवर सरळ रेष आली. अलार्म वाजायला लागला. मॅडमनी तो बंद केला नाही. छातीवरचं घड्याळ हातात धरून त्यांनी तो पूर्ण एक मिनिट वाजू दिला. आम्ही तिथे उभे. कुणालच्या कपाळावर घाम, आणि मला तर माझे हात माझे वाटेनात.

मग मॅडम बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. “चल,” म्हणाल्या, “बायको बाहेर बसलीय. सांग तिला.”

बाहेर पॅसेजमध्ये बाकावर वॉर्डातली एक मावशी बसवली होती, पेशंटची बायको म्हणून. रोज माझ्याबरोबर चहा पिणारी मावशी. पण तिने डोक्यावर पदर घेतला होता आणि मॅडमनी तिला काय शिकवलं होतं कुणास ठाऊक, ती माझ्याकडे बघत उठली आणि म्हणाली, “काय झालं माझ्या माणसाला?”

मी काहीतरी पुटपुटले. चुकीचं औषध गेलं, असं.

“कुणी दिलं?”

“मी.”

“तुला माहीत नव्हतं काय गं, असं देत नाहीत म्हणून?”

खोटं बोलायची सोय होती. माहीत नव्हतं म्हटलं असतं तर सुटले असते, अडाणी ठरले असते, एवढंच. पण तोंडातून निघून गेलं, “माहीत होतं.”

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. नाटक विसरली बिचारी. मॅडम मागून म्हणाल्या, “बस. आज एवढंच.” त्या दिवशी मी लाँड्रीच्या बाथरूममध्ये जाऊन भरपूर रडले. राग मॅडमचाच आला होता, खोटं कशाला सांगू. थेरडी दुष्ट आहे, असं मी घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, “मग तू म्हणायचंस ना थांबा. मला तर दिवसभर थांबवतेस.”

दुसऱ्या परीक्षेत मी थांबा म्हणाले. खरंच म्हणाले. पण इतक्या हळू की डॉक्टरने विचारलं, “काय?” आणि मी म्हणाले, “काही नाही.” मॅडमनी काचेमागून फक्त मान हलवली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनाही त्या सोडत नसत. दोन परीक्षांच्या मधल्या आठवड्यात त्यांनी उलटापालट केली. डॉक्टरांनी नर्स व्हायचं, नर्सेसनी डॉक्टर, आणि त्या स्वतः झाल्या बडे कन्सल्टंट. कुणालने त्यांच्या चुकीच्या ऑर्डरवर तोंड उघडलं मात्र, त्या फिस्कारल्या, “तुम्हाला कुणी विचारलं? किती वर्षं झाली पास होऊन?” कुणालचं तोंड एवढंस्सं झालं. येस मॅम म्हणून त्याने ते औषध दिलं. पॅसेजमध्ये पाच मिनिटांची शिक्षा भोगताना तो माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, “यार, ही तर वाट लावते आपली. तुम्हाला रोज असंच वाटतं का?” मी म्हटलं, “रोज.” तेव्हापासून त्याने मला सिस्टर म्हणणं सोडलं आणि नावाने हाक मारायला लागला.

तिसरी परीक्षा शुक्रवारी होती. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, कॅज्युअल्टीत माझी ड्युटी होती. साडेतीनच्या सुमारास एका टेम्पोला अपघात होऊन चार जखमी एकदम आले. सगळ्या सिनियर सिस्टर्स आणि डॉक्टर त्यांच्याकडे. त्याच गडबडीत पन्नाशीच्या एका शिंप्याला त्याची बायको घेऊन आली. छातीत धडधड, ओठ कोरडे, नाडी इतकी जलद की बोटाला मोजता येईना. त्याच्याजवळ मी आणि कुणाल, दोघंच. कुणालने ईसीजीची पट्टी काढली, वरच्या डॉक्टरांना फोनवर दाखवली. त्यांनी एक इंजेक्शन सांगितलं. ते देण्याची रीत वेगळी. ते झटक्यात द्यायचं आणि त्याच क्षणी, मागोमाग, साधं सलाईनचं पाणी जोरात ढकलायचं, नाहीतर औषध हृदयापर्यंत पोचायच्या आधीच संपतं. म्हणजे हात दोघांचे लागतात आणि वेळ एकच साधावी लागते.

मी शिंप्याचा हात घट्ट धरून बसले होते, कारण तो घाबरून सुई ओढायला बघत होता. दुसरे हात नव्हते. तेवढ्यात मॅडम आल्या. तळघरासाठी एक जुनी ट्रॉली मागायला वर आल्या होत्या. एका नजरेत त्यांना कळलं. “सरक, पाणी मी ढकलते,” म्हणाल्या, हातमोजे चढवले आणि ट्रेमधली एक छोटी बाटली उचलून सिरिंजमध्ये भरली.

त्यांनी ती मोठ्याने वाचली नाही. ज्या बाईने आमच्याकडून प्रत्येक बाटली दोनदा मोठ्याने वाचून घेतली, तिने स्वतः वाचली नाही. चष्मा गळ्यातच लोंबत होता.

रिकामी बाटली ट्रेमध्ये माझ्या बाजूला पडली. मी सहज बघितलं. सलाईनच्या बाटल्यांसारखीच, त्याच आकाराची, पण वरची अक्षरं लाल. पोटॅशियम. गडबडीत कुणीतरी ट्रे भरताना ती तिथे टाकली होती.

सांगते, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते. चूक झालीय असं आलंच नाही. आलं ते असं, की मीच चुकीचं वाचतेय. मॅडम कशा चुकतील? मग वाटलं, ही परीक्षा तर नाही? उद्याच्या ऐवजी आज? पण समोर माणूस होता, त्याला घाम येत होता आणि त्याच्या पायाशी उभी त्याची बायको देवाचं नाव घेत होती. कुणालने आपली सिरिंज लावली. मॅडमनी नळीच्या शेजारच्या तोंडाला आपली लावली. “मी तीन म्हटलं की,” कुणाल म्हणाला. “एक.”

मी ती लाल अक्षरं परत वाचली. देवा रे, तीच.

“दोन.”

“थांबा.”

ते एवढं हळू निघालं की माझं मलाच ऐकू आलं नाही. कुणालने तीनसाठी तोंड उघडलं. मी शिंप्याचा हात सोडला, मॅडमचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि किंचाळले, “थांबा! मॅडम, थांबा!”

सगळी कॅज्युअल्टी वळून बघायला लागली. मॅडमचा अंगठा सिरिंजवर होता तिथेच राहिला. का, कशाला, काही विचारलं नाही. आधी सिरिंज काढून बाजूला घेतली, मग म्हणाल्या, “काय बघितलंस?”

“बाटली. पोटॅशियमची आहे.”

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. दोन सेकंद, जास्त नाही. मग ती सिरिंज डब्यात टाकली आणि म्हणाल्या, “नवीन घे. तू भर. मोठ्याने वाच.” मी वाचलं. कुणालने वाचलं. मॅडमनी वाचलं. सलाईन. या वेळी पाणी मी ढकललं आणि शिंप्याला मॅडमनी धरलं. मॉनिटरवरची ती वेडी धाव एकदम अडखळली, एक लांब श्वास जाईपर्यंत काहीच नाही, आणि मग ठोके आले, एकेक, मोजता येतील असे. शिंपी म्हणाला, “आता बरं वाटतंय.” त्याची बायको मॅडमच्या पाया पडायला वाकली. मॅडमनी तिला वरच्यावर धरलं आणि म्हणाल्या, “माझ्या नको.”

नंतर स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्यापुढे एक छापील फॉर्म टाकला. होता होता टळलेल्या चुकीची नोंद करायचा. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “अहो मॅडम, झालं काहीच नाही ना? पेशंट ठणठणीत आहे. ट्रे कुणी भरला ते मी बघते. कशाला उगाच? पुढच्या महिन्यात तुमचा करार आहे.”

“लिही,” मॅडम मला म्हणाल्या.

“मी नाही लिहिणार, मॅडम.”

“का?”

“तुमचं नाव कसं लिहू?”

“जसं आहे तसं. इंग्रजीत लिहायचं असेल तर आडनावाच्या शेवटी ई लाव.” त्या हसल्या नाहीत. “पोरी, तू हे नाही लिहिलंस तर उद्या कुणी त्या ट्रेमध्ये परत तीच बाटली टाकील. आणि तेव्हा तिथे तू नसशील. लिही.”

मी लिहिलं. बाटली कुणी उचलली, लेबल कुणी वाचलं नाही, कुणाच्या लक्षात आलं. लिहिताना मला रडू येत होतं आणि मॅडम शुद्धलेखन तपासत होत्या. खाली त्यांनी सही केली आणि बोटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. माझी तिसरी परीक्षा झालीच नाही. शुक्रवारी त्यांनी रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे ‘उत्तीर्ण’ लिहिलेलं होतं.

पुढच्या महिन्यात करार झाला नाही. कुणी त्यांना दोष दिला नाही, मोठा सत्कार केला, शाल दिली, डोळे तपासून घ्या असंही सांगितलं. मोतीबिंदू निघाला. पोटॅशियमच्या बाटल्या त्या दिवसापासून सगळ्या हॉस्पिटलात कुलपात गेल्या. पण खोली मॅडमची राहिली नाही आणि ते माझ्यामुळे, हे माझ्या डोक्यातून जाईना. कुणाल म्हणायचा, “वेडी आहेस का तू?” पण मला झोप लागायची नाही.

शेवटी एका रविवारी मी बोटीत बसून गोराईला गेले. घर विचारत विचारत सापडलं. मॅडम ओट्यावर बसून मासे साफ करत होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा होता. “कोण गो?” म्हणाल्या, मग आवाजावरून ओळखलं. जेवायला बसवलं. रस्सा, भात, तळलेली तुकडी. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, “मॅडम, माझ्यामुळे तुमचं काम गेलं. मला माफ करा.”

“त्याचं सोड,” त्या म्हणाल्या. “मला एक सांग. मी बाटली ट्रेमध्ये टाकली तेव्हाच तू बघितलीस. कुणाल दोन म्हणेपर्यंत का थांबलीस?”

हाच प्रश्न मला नको होता. मी भात चिवडत राहिले.

“सांग.”

“मला वाटलं, तुम्ही चुकणार नाही.”

बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. मॅडमनी काळा चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. इतक्या महिन्यांत त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला वाटलं, काय बोलून बसले मी.

“म्हणजे ती पण माझीच चूक,” त्या हळूच म्हणाल्या. “सगळ्यांना थांबवायला शिकवलं तुम्हाला. मला थांबवायला कधी शिकवलं नाही. एकदापण नाही.”

मी मान डोलवणार होते. सवय. मग पानातला हात बाहेर काढला.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “तुम्ही शिकवलं होतं. ट्रस्टी असला तरी थांबव, असं तुम्हीच म्हणाला होतात. उशीर मी केला. ती चूक माझी आहे, तुम्ही घेऊ नका.”

त्यांनी मान वर केली. “माझ्याशी वाद घालतेस?”

“घालते.”

मॅडम उठल्या. मग तव्यावरची आणखी एक तुकडी उचलली आणि माझ्या पानात वाढली.